रोमच्या संगमरवरी पोरांमध्ये तीन तास

नाशिकच्या एका शाळेत मी सत्तावीस वर्षं पी.टी. शिकवली. मैदानाला फक्की मारण्यापासून पंधरा ऑगस्टच्या संचलनापर्यंत सगळं केलं. निवृत्तीनंतर गेल्या ऑक्टोबरात लेकीकडे रोमला गेले. जावयांनी कोलोसियमची, व्हॅटिकनची तिकिटं आधीच काढून ठेवली होती. ते सगळं बघितलं, आवडलंही. पण लिहायला बसले आहे ते एका पायी फेरीबद्दल, आणि ती जागा आपल्याकडच्या टूरवाल्यांच्या यादीत सहसा नसते. फोरो इतालिको. मुसोलिनीच्या काळात तिचं नाव फोरो मुसोलिनी होतं. पोरांची शरीरं घडवून त्यांना शिपाई करायचं, म्हणून बांधलेलं हे क्रीडासंकुल. फेरीचा विषयही नेमका तोच: त्या राजवटीनं पुरुष कसा घडवला आणि बाईच्या वाट्याला काय ठेवलं.

आधी कामाचं सांगते. माणशी पंचवीस युरो, पैसे आगाऊ. आम्ही सात जण होतो. वेळ अडीच तासांची सांगितली होती, प्रत्यक्षात तीन तास लागले, आणि ते कुणाला जड गेले नाहीत. फेरी नेणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या, पूर्वी शाळेत इतिहास शिकवायच्या. इंग्रजी हळू आणि स्वच्छ बोलतात, त्यामुळे मला लेकीला सारखं विचारावं लागलं नाही. रोममधल्या फ्लामिनिओ चौकातून २ नंबरच्या ट्रामनं शेवटच्या थांब्यावर, पियाझ्झा मान्चिनीला उतरायचं. बाई तिथेच भेटतात. टायबर नदीवरचा पूल ओलांडताना कठड्यांवर पहिल्या महायुद्धातले प्रसंग कोरलेले दिसतात आणि पलीकडे एक पांढरा खांब सरळ अंगावर येतो.

त्या खांबापाशी बाईंनी आम्हाला पाच मिनिटं नुसतं उभं केलं. काहीही न सांगता. मला ही पद्धत फार आवडली. खांबाचा मुख्य दगड कार्राराच्या खाणीतून आणलेला, सतरा मीटरचा, एकसंध, वजन तीनशे टनांच्या आसपास. १९३२ मध्ये तो उभा केला. त्यावर वरून खाली मोठ्या अक्षरांत ‘मुसोलिनी दुक्स’. दुक्स म्हणजे लॅटिनमध्ये नेता. १९४३ मध्ये त्याची सत्ता गेली, १९४५ मध्ये तो मारला गेला, अक्षरं मात्र आजही तशीच आहेत. शेजारीच ऑलिम्पिक स्टेडियम. फुटबॉलच्या सामन्याला येणारी हजारो माणसं याच अक्षरांखालून आत जातात. बाईंनी सांगितलं की खांबाच्या पायात लॅटिनमध्ये लिहिलेला एक चर्मपत्राचा मजकूर पुरलेला आहे. पुढेमागे कुणी हा खांब पाडला, तर त्या माणसानं राजवटीचा महिमा वाचावा म्हणून! म्हणजे तो कागद वाचायचा तर आधी खांब खाली आला पाहिजे. मजकूर काय होता हे अभ्यासकांना जुन्या प्रतींवरून कळलेलं आहे, असंही त्या म्हणाल्या.

तिथून पुढे काळ्या-पांढऱ्या तुकड्यांच्या मोझाइकची लांबच लांब फरसबंदी आहे. चालताना पायाखाली ‘दूचे, दूचे, दूचे’ अशी अक्षरं येत राहतात. दूचे म्हणजे इटालियनमध्ये नेता, मुसोलिनीला तेच म्हणायचे. कुठे पळणारे, कुठे कुस्ती खेळणारे, कुठे लॉरीत उभे बंदूकधारी. आम्ही गेलो तेव्हा दोन मुली तिथे स्केटबोर्ड शिकत होत्या. एकीचा गुडघा फुटला होता आणि ती ‘दूचे’मधल्या ‘दू’वर बसून त्यावर पाणी ओतत होती. चौदा-पंधरा वर्षांची असेल. माझ्या पिशवीत बँडेजपट्टी असतेच, ती दिली.

एका ठिकाणी फरशीत पूर्ण वाक्य आहे: दूचे, आमचं तारुण्य आम्ही तुम्हाला अर्पण करतो. बाईंनी त्यातल्या ‘तुम्हाला’वर बोट ठेवलं. इटालियन भाषेत परक्या माणसाशी अदबीनं बोलताना ‘लेई’ म्हणतात. हाच शब्द ‘ती’ या अर्थानंही वापरतात. १९३८ मध्ये राजवटीनं ठरवलं की ‘लेई’ हा शब्द परका, लाचार आणि बायकी आहे. पुरुषांनी एकमेकांना असं स्त्रीलिंगी संबोधायचं नाही, ‘वोई’, म्हणजे ‘तुम्ही’, म्हणायचं. फरशीतल्या वाक्यातही तोच ‘वोई’ आहे. पक्षात, कचेऱ्यांत, शाळांत तसे हुकूम निघाले. ‘लेई’ नावाचं बायकांचं एक मासिक होतं, त्याच्या नावाचा अर्थ नुसता ‘ती’ असा होता, तरी त्याला नाव बदलून ‘अन्नाबेल्ला’ व्हावं लागलं. हे ऐकून मी खरंच थांबले. आपल्याकडे उद्या कुणी म्हटलं की ‘आपण बसा’ हे बायकी बोलणं आहे, यापुढे ‘आपण’ म्हणायचं नाही, तर? शाळेतल्या शिपायापासून वर्गशिक्षकांपर्यंत प्रत्येकानं तोंड उघडण्याआधी जीभ तपासायची. मैदानावरच्या पोरांना शिस्त लावणं मी समजू शकते. पण दोन म्हातारे एकमेकांना काय म्हणतात, त्यातही बाईपणाचा वास शोधायचा, हे माझ्या कल्पनेपलीकडचं होतं. तीन तासांत ऐकलेलं सगळ्यात लक्षात राहिलेलं काही असेल तर ते हेच.

मग स्टेडियम. स्तादिओ देई मार्मी, म्हणजे संगमरवरांचं मैदान. एन्रिको देल देब्बियो या वास्तुविशारदाचं काम. मधे धावपट्टी आणि हिरवळ, भोवती पांढऱ्या दगडाच्या पायऱ्या, आणि त्यांच्या वर रांगेनं साठेक पुतळे. प्रत्येक चार मीटर उंच, बहुतेक सगळे उघडे, सगळे पुरुष. इटलीतल्या वेगवेगळ्या प्रांतांनी एकेक भेट दिला, बैठकीवर नावं कोरलेली आहेत. कुणी मुष्टियोद्धा, कुणाच्या हातात चेंडू, कुणाच्या गोफण.

मी शरीरं बघण्यात आयुष्य घालवलं आहे. खांदा उतरला आहे की नाही, घोटा आत वळतो की बाहेर, धावून आलेलं पोर तोंडानं श्वास घेतं की नाकानं, हे मला लांबून कळतं. म्हणून लेकीला म्हटलं, तू बाईंचं ऐक, मी एक चक्कर मारून येते. पायऱ्यांच्या कडेनं अख्खी फेरी घातली. इतक्या पुतळ्यांत एकही धापा टाकत नाही. एकालाही घाम नाही, कुणाचा हात गुडघ्यावर नाही, कुणी पडलेला नाही. कुणी कुणाकडे बघतही नाही. खेळात समोर कुणीतरी लागतं. कबड्डीत पकडणारा लागतो, खो-खोत पाठीवर थाप मारून ‘खो’ देणारा लागतो. इथे साठ खेळाडू आहेत आणि खेळ एकही चाललेला नाही. परत येऊन मी बाईंना हे सांगितलं, तर त्यांनी डोळे मोठे केले आणि म्हणाल्या, पुढच्या गटाला मी हे सांगणार. सांगा म्हटलं.

या मैदानावर बालिल्ला संघटनेची पोरं कवायत करायची. १९२६ मध्ये ही संघटना काढली. आठ ते चौदा वर्षांची मुलं बालिल्ला, त्यापुढे अठरापर्यंत अवांग्वार्दिस्ती, आणि आठच्या आतल्यांना ‘लांडगीची पोरं’ म्हणायचे. काळा शर्ट, खांद्यावर लहान बंदूक. पुस्तक आणि बंदूक मिळून पक्का फॅसिस्ट होतो, असं तेव्हाचं घोषवाक्य. मुलींच्या वेगळ्या तुकड्या, त्यांनाही कवायत होती, पण त्यांच्या हातात बाहुली. आई बाळाला धरते तशी ती धरायला शिकवत. १९३४ मध्ये मुसोलिनीनं संसदेत उघडच सांगितलं होतं की बाईला जसं मातृत्व, तसं पुरुषाला युद्ध.

इथे बाईंनी विचारलं, गटात पंचवीस वर्षांवरचे अविवाहित पुरुष किती? ब्राझीलच्या एका मुलानं हात वर केला. त्या म्हणाल्या, तुला कर भरावा लागला असता. १९२७ पासून पंचवीस ते पासष्ट वयाच्या अविवाहित पुरुषांवर खरंच कर होता, आणि तो पैसा माता-बाल कल्याणाच्या सरकारी संस्थेकडे जायचा. चार कोटींचा देश शतकाच्या मध्यापर्यंत सहा कोटींचा करायचा असं मुसोलिनीनं त्याच वर्षी जाहीर केलं होतं. १९३३ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी प्रत्येक प्रांतातून सगळ्यात जास्त मुलं झालेली एकेक आई रोमला आणून तिचा सत्कार केला. १९३८ मध्ये नोकऱ्यांत बायका दहा टक्क्यांहून जास्त नकोत असा हुकूम काढला. एवढं करूनही जन्मदर घसरतच गेला. १९५१ च्या जनगणनेत इटलीची लोकसंख्या पावणेपाच कोटींच्या आसपास भरली. हा हिशेब बाईंनी फार साधेपणानं मांडला.

इथून पुढचं मी लिहू की नको असा विचार केला. पण लिहिते.

मैदानाशेजारच्या लाल इमारतीत आता इटलीच्या ऑलिम्पिक समितीचं कार्यालय आहे. तेव्हा तिथे पुरुषांसाठी फॅसिस्ट शारीरिक शिक्षण अकादमी होती. ते नाव ऐकल्यावर मी बाईंना म्हटलं, या अकादमीचा आणि माझ्या गावाचा संबंध आहे. १९३१ च्या मार्चमध्ये, लंडनच्या पहिल्या गोलमेज परिषदेहून परतताना हिंदू महासभेचे पुढारी डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे रोमला थांबले होते. मुसोलिनीला भेटले, बालिल्ला संघटना आणि ही अकादमी बघितली, आणि डायरीत कौतुकानं लिहून ठेवलं. १९३७ मध्ये त्यांनी नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल काढलं. बाईंना हे माहीत नव्हतं. त्यांनी वही काढून नाव लिहून घेतलं, स्पेलिंग दोनदा विचारलं.

मुंजे परतंत्र देशाचे पुढारी होते. इंग्रज आपल्या पोरांच्या हातात बंदूक येऊ देत नाहीत ही सल त्यांना खरीच होती, आणि ती मी हलकी मानत नाही. पण ते इथे आले तेव्हा इटलीत दुसरा पक्ष उरला नव्हता. मात्तेओत्ती या विरोधी खासदाराचा खून होऊन सात वर्षं होत आली होती, ग्राम्शी हा कम्युनिस्ट नेता तुरुंगात होता. कवायत बघणाऱ्या पाहुण्याला यातलं काही दिसत नाही. शाळेत पाहुणे यायचे तेव्हा आम्हीही त्यांना उत्तम रांगेतलं लेझीमच दाखवायचो. रडत घरी गेलेला पोरगा कोण, हे पाहुण्यांना दिसत नसतं, आणि पाहुण्यांनी ते विचारलं पाहिजे. मी नाशिकमध्ये इतकी वर्षं मैदानावर काढली आणि हा धागा कुठून सुरू होतो हे बघायला मला रोमला यावं लागलं.

आता जे राहिलं त्याबद्दल. माझी मोठी तक्रार अशी की फेरीत ओन्दिना वाल्ला नाही. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये ८० मीटर अडथळ्यांची शर्यत जिंकून ऑलिम्पिक सुवर्णपदक मिळवणारी ती पहिली इटालियन बाई. त्याच शर्यतीत तिची मैत्रीण आणि प्रतिस्पर्धी क्लाउदिया तेस्तोनी चौथी आली. निकाल फोटो बघून लावावा लागला, इतकं अंतर कमी. त्याआधी १९३२ च्या लॉस एंजेलिसला इटलीनं एकही बाई पाठवली नव्हती. मुलींनी चारचौघांत व्यायामाच्या स्पर्धा कराव्यात हे पोपनाही मंजूर नव्हतं आणि पक्षाला भीती की खेळानं बाई आईपणापासून दूर जाईल. तरी ही मुलगी धावली आणि जिंकली, आणि मग त्याच राजवटीनं तिला डोक्यावर घेतलं. या मैदानावर बोलताना तिच्यासाठी दहा मिनिटं काढायलाच हवीत. पुतळ्यांत बाई नाही, निदान बोलण्यात असू दे. मुलींसाठी ओर्व्हिएतोला १९३२ मध्ये वेगळी अकादमी निघाली, तिचाही उल्लेख एका वाक्यात उरकला.

तसंच, ज्यांना या साच्यात बसता आलं नाही त्यांच्याबद्दलही कमी बोललं जातं. सिसिलीतल्या कातानिया शहरातून पंचेचाळीसेक पुरुषांना, पुरुषांवर प्रेम करतात म्हणून, १९३९ मध्ये त्रेमिती बेटांपैकी सान दोमिनोवर नेऊन ठेवलं होतं. कायद्यात त्याविरुद्ध कलमच नव्हतं, कारण इटालियन पुरुष मर्द असतात, त्यांच्यात हे नसतंच, अशी भूमिका होती. म्हणून खटला न चालवता पोलिसी हुकुमानं पाठवलं. हे मला बाईंनी पाणी पिताना, मी विचारल्यावर सांगितलं. ते सगळ्यांसमोर, त्या पुतळ्यांच्या खाली उभं राहून सांगायला हवं. आणि इटलीनं ज्यावर हल्ला केला तो इथिओपिया. जी पोरं इथे घडली ती तिकडे काय करून आली, विषारी वायू कुणावर सोडला, हेही एका दमात संपलं.

बारीकसारीक त्रुटी: कानात घालायला यंत्र देतात, माझं अर्ध्यात बंद पडलं, बदली नव्हतं. स्वच्छतागृह वाटेत सापडलं नाही, निघण्यापूर्वी जाऊन या. दगडावर ऊन फार तापतं. टोपी आणि पाणी घ्या, चपला नकोत, बूट घाला.

आता ज्यासाठी मी या फेरीला पूर्ण गुण देते ते. शेवटी बाई आम्हाला संगमरवरी गोळ्याच्या कारंज्याजवळ घेऊन बसल्या आणि पर्समधून एक अंगठी काढली. काळपट, साधी, पोलादी. आतल्या बाजूला कोरलेलं: ‘पितृभूमीला सोनं, १८ नोव्हेंबर, १४.’ चौदा हे फॅसिस्ट राजवटीचं वर्ष. १९३५ मध्ये इथिओपियावर हल्ला केला म्हणून राष्ट्रसंघानं (तेव्हाच्या लीग ऑफ नेशन्सनं) इटलीवर निर्बंध लावले, त्याची ती तारीख. बरोब्बर महिन्यानं, १८ डिसेंबरला, देशभरच्या बायकांनी लग्नातली सोन्याची अंगठी देशाला द्यायची असं ठरलं. रोममध्ये राणी एलेनानं पहिली दिली. सोनं देणाऱ्या बाईला बदल्यात ही अंगठी मिळायची. बाईंच्या आजीनंही दिली होती. बाई म्हणाल्या, आजी म्हणायची, मी खुशीनं दिली. आणि म्हातारपणी म्हणायची, रांगेत पुढे कोण, मागे कोण, हे शेजारणी बघत होत्या. दोन्ही खरं असेल.

मी ती अंगठी तळहातावर घेतली. फार हलकी. माझ्या बोटात बसली नाही, करंगळीत बसली.

माझ्या आईनं १९६२ मध्ये, चीनच्या युद्धात, संरक्षण निधीला दोन पाटल्यांमधली एक दिली. माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी. घरात आम्ही हे अभिमानानं सांगत आलो आणि आजही सांगू. कुणी तिच्यावर पाळत ठेवली नव्हती. नेहरूंवर टीका करणारी माणसं त्याच संसदेत उभं राहून बोलत होती, आणि आपल्यावर हल्ला झाला होता, आपण कुणावर चालून गेलो नव्हतो. हा फरक मला पक्का ठाऊक आहे. पण ती अंगठी हातात असताना मला आईचा एका पाटलीचा हात आठवला, आणि त्याबरोबर माझाच मैदानावरचा आवाज आठवला. सातवीतला एक मुलगा होता. रिलेत बॅटन पडला म्हणून रडत होता. मी सगळ्या वर्गासमोर त्याला म्हणाले होते, “हातात बांगड्या भरल्यात का रे?” तो गप्प झाला, त्यानं बॅटन उचलला आणि मला वाटलं मी चांगलं शिकवलं. आईच्या हातातली तीच वस्तू देशाला दिली तर दागिना आणि पोराला बोलायची झाली तर शिवी, हे मला सत्तावीस वर्षांत सुचलं नव्हतं. तो मुलगा आता चाळिशीत असेल. त्याला पुढे रडायला जागा मिळाली असेल अशी आशा करते.

उठताना बाईंनी मोझाइकच्या कडेचे संगमरवरी ठोकळे दाखवले. राजवटीनं आपल्या विजयाच्या तारखा त्यांवर कोरल्या आहेत. शेवटचे काही रिकामे राहिले होते. युद्धानंतर त्यांवर राजवट कोसळल्याची, १९४६ च्या प्रजासत्ताकाच्या कौलाची आणि १९४८ च्या राज्यघटनेची नोंद कोरली. त्या कौलात इटलीतल्या बायकांनी देशपातळीवर पहिल्यांदा मत दिलं. त्याच दिवशी निवडलेल्या घटनासमितीत ५५६ जणांत एकवीस बायका होत्या. बाईंची आजी त्या दिवशी मत द्यायला गेली होती, ही पोलादी अंगठी घालूनच. सोन्याची परत कधी घेतली नाही.

फेरी शनिवारी सकाळची घ्या, तेव्हा मैदानावर शाळकरी मुलं-मुली सराव करतात आणि बाई त्यांच्यासाठी थांबतात. सामन्याच्या दिवशी जाऊ नका, पोलिस पूल बंद करतात. आणि अंगठी बघायची असेल तर बुकिंग करतानाच कळवा. त्या ती दर वेळी बरोबर आणत नाहीत.